जागा किती ठेवायच्या? : नवख्यांच्या ऑनलाइन कार्यशाळेचे गणित

स्वयंसेवकांच्या सॉफ्टवेअर समुदायात ऑनलाइन कार्यशाळा घ्यायचे ठरले की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : किती जण येतील? हा प्रश्न सभागृह भाड्याने घेण्याच्या काळातला आहे. तेव्हा खुर्च्या मोजाव्या लागत, चहा-वड्यांचा अंदाज बांधावा लागे. व्हिडिओ कॉलला पन्नास काय नि दोनशे काय, खर्च जवळपास तोच. मग नोंदणी खुली ठेवली जाते, चारशे नावे येतात, आयोजक खूश होतात. दोन महिन्यांनी त्या चारशेंपैकी समुदायात कोण टिकले असे विचारले, तर एका हाताची बोटे पुरतात.

माझे म्हणणे असे की, अशा कार्यशाळेची क्षमता ऐकणाऱ्यांच्या संख्येवर ठरतच नाही. सत्रे संपल्यावरच्या सहा आठवड्यांत नवख्यांचे काम तपासून द्यायला अनुभवी माणसांकडे किती तास आहेत, त्यावर ती ठरते. विषय, वेळ, माध्यम, भाषा हे सगळे त्या एका आकड्यापासून मागे मागे येत ठरवायचे असते.

उदाहरणासाठी डेबियन घेतो. इयान मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केलेले हे लिनक्स वितरण आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत, म्हणजे ‘ट्रिक्सी’त, ६९,८३० पॅकेजे आहेत, अधिकृत डेव्हलपर मात्र हजाराच्या आसपास. डेबियन त्यांना पगार देत नाही आणि त्यांच्यावर साहेबही नाही. त्यामुळे ‘उद्यापासून नवख्यांना शिकवा’ असा हुकूम कोणी कोणाला सोडू शकत नाही. शिकवण्याचा प्रत्येक तास हा त्या माणसाच्या स्वतःच्या पॅकेजांतून, नाहीतर घरच्या वेळेतून काढलेला असतो. फ्रेडरिक ब्रुक्सने १९७५ मध्ये सांगून ठेवले होते की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. आपण कार्यशाळा घेतो तेव्हा हीच भरती करत असतो, फक्त तिला भरती म्हणत नाही.

पहिले काम कोणते द्यायचे

‘नवे पॅकेज कसे बनवावे’ हा कार्यशाळेचा लोकप्रिय विषय. शिकवायला तो सुटसुटीत आहे आणि दोन तासांत काहीतरी बनलेले दिसते. पण त्या पॅकेजचा पुढचा प्रवास पाहा. आधी ‘मी हे पॅकेज करणार आहे’ अशी नोंद बग-यादीत करायची. पॅकेज बांधायचे, लिंटियन या तपासनीस प्रोग्रामच्या तक्रारी निस्तरायच्या. नवख्याला थेट अपलोडचा अधिकार नसतो, म्हणून एखाद्या डेव्हलपरला स्पॉन्सर होण्याची विनंती करायची. तो मिळाला, त्याने दुरुस्त्या सांगितल्या, त्या झाल्या, अपलोड झाले. आता पॅकेज ‘न्यू’ नावाच्या रांगेत उभे राहते. तिथे मोजके स्वयंसेवक परवाने तपासतात आणि मगच ते संग्रहात घेतात. हे कधी काही दिवसांत होते, कधी महिने लागतात.

म्हणजे नवख्याने सगळे बिनचूक केले तरी उत्तर म्हणून त्याला शांतता मिळते. आपले काही चुकले का, कोणी पाहिले तरी का, हे कळायला मार्ग नसतो. कार्यशाळेत शिकलेल्या आज्ञा तो विसरेल. ही शांतता विसरणार नाही.

यावरून निवडीची एक कसोटी निघते. पहिले काम किती अवघड आहे यापेक्षा त्याचे उत्तर किती दिवसांत मिळते ते पाहावे. संग्रहात आधीच असलेल्या पॅकेजला मूळ प्रकल्पाच्या नव्या आवृत्तीपर्यंत आणणे हे काम तांत्रिकदृष्ट्या नव्या छोट्या पॅकेजपेक्षा कधीकधी किचकट असते. पण त्याला सहसा ‘न्यू’ रांग लागत नाही. स्पॉन्सर समाधानी झाला की ते त्याच दिवशी संग्रहात जाऊ शकते. डेबियनच्या बग-यादीत ‘न्यूकमर’ अशी खूण केलेले बग असतात. ती खूण करणाऱ्याने नवख्याला मदत करण्याची तयारीही दाखवलेली असते, निदान अपेक्षा तशी असते. जुन्या खुणांवर मात्र विसंबू नये. कार्यशाळेच्या आठवडाभर आधी प्रत्येक बगच्या मालकाला ‘अजून उत्तर द्याल ना?’ असे विचारून घ्यावे. कंटाळवाणे काम आहे, पण वाचवलेला दर तास इथेच वाचतो.

या क्रमाला शिक्षणशास्त्रातला एक सुंदर आधार आहे. जीन लेव्ह या मानवशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या वाय आणि गोला शिंप्यांच्या शागिर्दांचा अभ्यास केला. एतिएन वेंगर यांच्यासह १९९१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्याचा आधार घेतला आहे. तिथला शागीर्द कपडा शिवण्याच्या क्रमाने शिकत नाही. तो शेवटाकडून सुरुवात करतो : आधी बटणे, तुरपाई, इस्त्री, मग शिलाई, आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. बटण चुकीच्या जागी लागले तर उसवता येते, बेतण्यात चूक झाली तर कापड वाया. शिवाय बटण लावताना अख्खा कपडा हातात असतो, त्यामुळे त्याचे तुकडे एकमेकांना कसे जोडले आहेत ते बोटांना कळत जाते. आपल्याकडच्या शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करणाऱ्या पोऱ्याचेही तेच. नवे पॅकेज म्हणजे बेतणे. पहिल्या दिवशी नवख्याच्या हाती कात्री देण्याची घाई आपण का करतो, हा प्रश्नच आहे. बहुधा शिकवणाऱ्याला बेतण्यात जास्त मजा येते म्हणून.

तासांचा हिशेब

आता आकडे मांडू. ते उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक समुदायाने आपले घालावेत. पाच मार्गदर्शक आहेत आणि प्रत्येकाने आठवड्याला चार तास, सहा आठवडे देण्याचे कबूल केले आहे. एकूण १२० तास. एका नवख्याच्या पहिल्या कामाच्या पहिल्या तपासणीला ४५ मिनिटे, नंतरच्या दोन फेऱ्यांना प्रत्येकी ३० मिनिटे, आणि मधल्या ‘हे चालत नाही’ छापाच्या संभाषणांना मिळून ७५ मिनिटे धरली, तर माणशी तीन तास होतात. म्हणजे ४० जागा. भागाकार बरोबर आहे, पण नियोजन चूक आहे.

कारण काम सहा आठवड्यांत सारखे वाटून येत नाही. सत्र संपल्यावर पहिल्या शनिवार-रविवारी सगळ्यांचा उत्साह एकदमच उतू जातो. चाळीस जणांची पहिली तपासणी म्हणजे ३० तास. त्या आठवड्यात हाताशी आहेत २०, आणि तेही प्रश्नोत्तरांसकट. दहा तासांचे काम पहिल्याच आठवड्यात मागे पडते, दुसऱ्या आठवड्यात त्यावर दुसऱ्या फेरीचे काम येऊन पडते. ज्याला उत्तर मिळायला बारा दिवस लागले त्याचा उत्साह बारा दिवस टिकत नाही. बँकेच्या खिडकीपुढची रांग पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

उलट वीस-वीसच्या दोन तुकड्या तीन आठवड्यांच्या अंतराने घेतल्या तर पहिल्या आठवड्यात तपासणीचे १५ आणि संभाषणाचे ५ तास लागतात, पुढच्या दोन्ही आठवड्यांत दर आठवड्याला तपासणीचे १० आणि संभाषणाचे १०. एका तुकडीचे ६० तास तीन आठवड्यांच्या ६० तासांत नेमके बसतात. फारच नेमके. एक मार्गदर्शक तापाने पडला की सारे कोसळते. म्हणून मी तुकडी पंधराची ठेवीन आणि चौथा हिस्सा मोकळा सोडीन. पाच मार्गदर्शकांत तीस नवखे. चारशे नावांची यादी हाती असलेल्या आयोजकाला हा आकडा लाजिरवाणा वाटतो, आणि कार्यशाळा फसतात त्या इथेच.

मग उरलेल्या तीनशे सत्तरांचे काय? त्यांच्यासाठी तासाभराचे खुले व्याख्यान ठेवावे, ध्वनिचित्रमुद्रणासकट. त्याला मर्यादा नको. तुकडीत प्रवेश मात्र एका छोट्या पूर्वकामावर द्यावा : डेबियनचे चालू यंत्र उभे करायचे, ‘हॅलो’ नावाच्या नमुना पॅकेजचा स्रोत उतरवायचा, ते बांधायचे आणि शेवटच्या ओळी पाठवायच्या. आउटरीची या इंटर्नशिप कार्यक्रमात निवडीआधी प्रत्यक्ष योगदानाचा कालखंड असतो, तेच तत्त्व इथे लहान प्रमाणात.

पण या चाळणीत एक गफलत दडलेली आहे. तिच्यातून चिकाटी जशी पार होते तसा चांगला लॅपटॉप आणि चांगली जोडणीही पार होते. डेबियनची छोटी स्थापना-फाइलसुद्धा काहीशे एमबीची असते, पुढे पॅकेजे उतरवताना गिगाबाइट लागतात, आणि मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर शिकणारा मुलगा तिथेच अडतो. म्हणून चाळणीच्या आधी निव्वळ स्थापनेच्या मदतीची एक-दोन सत्रे हवीत, आणि ‘डेटा पुरत नाही’ असे लिहिणाऱ्याला समुदायाच्या दूरच्या सर्व्हरवर खाते देण्याची सोय हवी. टर्मिनलमधून तिथे काम करायला फारसा डेटा लागत नाही.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिच्याआधी काही महिने संग्रह टप्प्याटप्प्याने गोठवला जातो. ट्रिक्सीसाठी हे गोठवणे मार्च २०२५ मध्ये सुरू झाले. अशा काळात ‘पॅकेज नव्या आवृत्तीला न्या’ हे काम शिकवणे म्हणजे चातुर्मासात लग्नाचा मुहूर्त शोधणे. तेव्हा बग शोधणे, दुरुस्त्या तपासणे, भाषांतर यांच्या कार्यशाळा घ्याव्यात. अनुभवी माणसांचे लक्षही तेव्हा तिथेच असते.

दुसरे पंचांग परीक्षांचे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल ते जून हे काळ साधारण बंद. गणपतीच्या दहा दिवसांत कोकणातला माणूस ऑनलाइन सापडेल अशी आशा करू नये.

वेळेचा एक बारीक सापळा सांगतो. भारतीय वेळेने संध्याकाळचे सात म्हणजे जागतिक वेळेने दुपारचा दीड. बर्लिनच्या मार्गदर्शकाच्या घड्याळात तेव्हा उन्हाळ्यात साडेतीन वाजलेले असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून अडीच. जाहिरातीत त्याच्या स्थानिक वेळेचे साडेतीन लिहून ठेवले तर त्या आठवड्यात तो तासभर उशिरा येतो आणि पंधरा जण कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतात. जागतिक वेळ लिहावी, भारतीय वेळ शेजारी द्यावी.

माध्यम : चेहरे दिसत नाहीत तेव्हा

वर्गात शिकवणाऱ्याला न विचारता खूप काही कळते. कोण मान डोलावतो, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, कोणाचा हात थांबला आहे. ऑनलाइन सत्रात हे सगळे जाते आणि ‘समजले ना?’ याचे उत्तर म्हणून तीन अंगठे येतात, नेहमी त्याच तिघांचे. म्हणून हरवलेली प्रत्येक खूण काहीतरी नियम करून परत आणावी लागते. गंमत अशी की, या नियमांचा सर्वांत पक्का विचार चित्र आणि आवाज दोन्ही नसलेल्या माध्यमात झाला, म्हणजे आयआरसी या निव्वळ टंकून गप्पा मारण्याच्या जाळ्यावर.

दुर्गापूरच्या लिनक्स वापरकर्ता गटाने २००८ मध्ये आयआरसीवरच उन्हाळी प्रशिक्षण सुरू केले. तिथल्या वर्गाचे शिष्टाचार ठरलेले होते. सुरुवातीला हजेरी : प्रत्येकाने आपले नाव टंकायचे. प्रश्न असेल तर थेट विचारायचा नाही. नुसते उद्गारचिन्ह टाकून थांबायचे, आपली पाळी आली की विचारायचे, आणि बोलणे संपले की ‘ईओएफ’ अशी खूण करायची. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. पण ही खूण ‘त्याचे बोलून झाले की तो अजून टंकतोय’ हा संभ्रम संपवते, आणि उद्गारचिन्हामुळे लाजरा आणि धीट एकाच रांगेत येतात. उबुंटूच्या डेव्हलपर सप्ताहात वाहिन्याच दोन होत्या : एकीत फक्त शिकवणारा बोले, दुसरीत बाकीचे गप्पा आणि प्रश्न करत, आणि प्रश्नाच्या आधी मोठ्या अक्षरांत ‘क्वेश्चन’ लिहीत. शिवाय वर्गाची प्रत आपोआप तयार होई. वीज गेली म्हणून चुकलेला विद्यार्थी रात्री ती वाचून घेई. व्हिडिओच्या जमान्यात हा फायदा आपण हकनाक गमावला आहे. दीड तासाच्या चित्रफितीत एक वाक्य शोधणे आणि मजकुरात शोधणे यांत फरक आहे.

म्हणजे व्हिडिओ नकोच का? पडदा दाखवून, चुका करत आणि सुधारत केलेल्या प्रात्यक्षिकाला मजकुराचा पर्याय नाही. सॉफ्टवेअर कार्पेंट्री या कार्यक्रमाने, जो ग्रेग विल्सन यांच्या १९९८ मधल्या उपक्रमातून वाढला, अशा प्रत्यक्ष टंकून दाखवण्यावरच भर दिला. त्यांच्या वर्गात प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. एक लॅपटॉपवर लावली की ‘झाले’, दुसरी लावली की ‘अडलो’. हात वर करण्यात भिडस्तपणा आडवा येतो, चिठ्ठीत येत नाही. ऑनलाइन सत्रात याचा साधा अवतार म्हणजे सामायिक वही : प्रत्येकाच्या नावापुढे रकाना, आणि प्रत्येक पायरीनंतर त्यात एक अक्षर. पंधरांपैकी बारा रकाने भरले की पुढे जायचे, उरलेल्या तिघांना सहायक वेगळ्या खोलीत घेतो. हा सहायक शिकवणाऱ्यापेक्षा वेगळाच माणूस हवा. एकाच वेळी शिकवणे आणि गप्पांची खिडकी पाहणे कोणालाही जमत नाही. जमते म्हणणाऱ्याच्या सत्रात मी प्रश्न वाहून जाताना पाहिले आहेत.

तिसरा मार्ग आपल्या घरचाच आहे. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरवरच्या सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुरवतो. पडद्याच्या एका बाजूला फीत, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. पाहायचे, थांबवायचे, तसेच करायचे. जे शिकवताना मार्गदर्शकाला त्याच त्या वाक्यांची घोकंपट्टी करावी लागते ते सगळे अशा फितींकडे सोपवावे. त्याचे महागडे तास तपासणीसाठी राखले जातात.

एक इशारा. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसी जाळ्याच्या मालकीचा वाद पेटला आणि असंख्य समुदाय काही दिवसांत लिबेरा चॅटवर गेले. जुन्या शिक्षणसाहित्यातले पत्ते एका आठवड्यात कुचकामी झाले. वर्गाचा पत्ता साहित्यात जागोजागी लिहू नये, एकाच ठिकाणी ठेवावा.

जाणत्याचा आंधळेपणा

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा, समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सुरावट चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक पोचते. ‘मग काय, स्रोत उतरवा आणि बांधा’ असे म्हणणाऱ्या पॅकेजकाराच्या डोक्यात अशीच सुरावट असते.

उपाय एकच कामाचा आहे : साहित्य आधी एखाद्या खऱ्या नवख्याकडून करून घ्यायचे. स्पोकन ट्युटोरियलच्या संहितांनाही अशी नवख्याची तपासणी असते. तो जिथे थांबला तिथे एक पायरी गाळलेली आहे असे समजायचे, त्याच्या बुद्धीवर शंका घ्यायची नाही. आणि हा नवखा दर वेळी नवा लागतो, कारण एकदा तपासून झाले की तो नवखा राहत नाही.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. शिकवणे मराठीत असावे, पण पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत तसाच ठेवावा, कारण मदत मागताना नवख्याला तोच मजकूर जगापुढे ठेवायचा आहे. स्पोकन ट्युटोरियलमध्येही निवेदनच तेवढे भाषांतरित होते. मराठीत समजावून सांगायची खरी गोष्ट म्हणजे ही इंग्रजी वाचायची कशी. पॅकेज बांधणे फसले की शेकडो ओळी सरकत जातात आणि शेवटी ‘मेक’ या बांधणीच्या प्रोग्रामची त्रुटी दिसते. नवखा ती शेवटची ओळ चिकटवून मदत मागतो. शेवटची ओळ हा परिणाम असतो. कारण वर कुठेतरी, पहिल्या त्रुटीपाशी असते. ‘खालून वर जा आणि पहिली त्रुटी शोध’ ही एक सवय अर्ध्या सत्रात लावली तर माझ्या अंदाजाने संभाषणाच्या ७५ मिनिटांतली वीस तरी वाचतात.

मराठी भाषकांसाठी एक जिवंत उदाहरण हाताशी आहे. डेबियनचा स्थापना-प्रोग्राम मराठीत आहे, पण ती भाषा फक्त चित्ररूप पडद्यावर निवडता येते. निव्वळ अक्षरांच्या पडद्याला देवनागरीची जोडाक्षरे मांडता येत नाहीत. तिथला एखादा खटकणारा शब्द सुधारणे हे मराठी नवख्याचे उत्तम पहिले काम ठरू शकते. काजे-बटणेच ती, पण अख्खा कपडा हातात येतो.

नंतर काय मोजायचे

उपस्थिती मोजू नये. ती चांगलीच दिसते. समाधानाची प्रश्नावलीही फार सांगत नाही, कारण ती भरणारे टिकलेले असतात. तीन गोष्टी टिपाव्यात : नवख्याने काम पाठवल्यापासून पहिले माणसाचे उत्तर येईपर्यंत गेलेले दिवस, सहा आठवड्यांत स्वीकारली गेलेली कामे, आणि सहा महिन्यांनी कोणी न सांगता दुसरे काम करणाऱ्यांची संख्या. पहिला आकडा चारच्या वर गेला की पुढच्या तुकडीची नोंदणी थांबवावी. मार्गदर्शकांना दर पंधरवड्याला ‘कबूल केलेले चार तास अजून जमतात का’ असे स्पष्ट विचारावे. न विचारल्यास ते नाही म्हणत नाहीत, नुसते दिसेनासे होतात.

नोंदणीच्या अर्जात आणखी एक रकाना आवर्जून ठेवावा : गाव. डेबियनमध्ये पुढे अधिकृत जबाबदारी घ्यायची तर स्वतःच्या कूटकिल्लीवर आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या लागतात, आणि रूढ पद्धतीने त्या समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून केल्या जातात. ते काम व्हिडिओ कॉलवर उरकायला बरेच डेव्हलपर राजी नसतात. नाशिकच्या दोघांना आणि साताऱ्याच्या एकीला पुण्यातल्या डेव्हलपरची वेळ कार्यशाळा चालू असतानाच ठरवून द्यावी, आणि येताना आधार कार्ड व किल्लीचा ठसा छापलेला कागद आणायला सांगावे.